लिनक्स उडालं म्हणे, फॉरमॅट मारा!

लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतील आणि दुरुस्तीहून आल्यावर एकच दिसत असेल, तर फॉरमॅटला हो म्हणू नका. आधी हे वाचा.

माझ्याकडे विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) दोन्ही आहेत. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात बॅटरी बदलून घेतली, त्यांनी बायोसही (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून दिलं. घरी येऊन चालू केला तर निवडीचा काळा मेनू गायब, थेट विंडोज. फोन केला. "लिनक्स उडालं साहेब, फॉरमॅट मारावा लागेल." लॅपटॉप घेऊन परत गेलो, तरी उघडून न बघता तेच उत्तर. वर डेटा काढायचे पैसे वेगळे! अजून डोकं तापतं.

उडालं काहीच नव्हतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये उबुंटूचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) जसंच्या तसं दिसत होतं. कोणती सिस्टिम कुठून सुरू करायची, ही यादी युईएफआय (नव्या धाटणीचं बायोस) असलेल्या मशीनमध्ये मदरबोर्डच्या मेमरीत असते. बायोस अपडेटमध्ये ती पुसली जाऊ शकते. विंडोजची नोंद बायोस बहुतेक वेळा आपसूक शोधतं, उबुंटूची आपण करायची.

चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये गेलो (काही मशीनवर डिलीट असतं). बूटच्या पानावर 'ॲड बूट ऑप्शन' होतं. त्यात ईएफआय, मग उबुंटू फोल्डर, मग 'शिमएक्स६४' ही फाइल. शेजारी 'ग्रबएक्स६४' दिसते (ग्रब म्हणजे तो काळा मेनू दाखवणारा प्रोग्राम), पण सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर शिमच घ्या, तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. नोंद यादीत सगळ्यात वर नेली, एफ१० ने सेव्ह केलं आणि मेनू समोर! दुकानात हे पाच मिनिटांत झालं असतं. तुमच्या बायोसमध्ये हा पर्याय नसेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून बूट-रिपेअर हे दुरुस्तीचं साधन वापरा.

हो, आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. निळ्या स्क्रीनवर ती मागितली तर तिच्याशिवाय विंडोज उघडत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते.

मेनूत उलट विंडोजच दिसत नसेल, तर २०२१च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून उबुंटूत अपडेट-ग्रब ही कमांड चालवा.

उबुंटूतून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. उबुंटू मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं.