ब्राउझरविना व्हिडिओ: नोंद दुसरी

जुन्या संगणकावर ब्राउझर न उघडता यूट्यूबचे व्हिडिओ बघायचे, हा उद्योग चालू आहे. यंत्र मागच्या नोंदीतलंच. दुसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, डेबियन १२ लिनक्स, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. मागच्या खेपेला लावलेला तयार प्रोग्रॅम काढून टाकला. दिसायला देखणा होता, पण शोध घ्यायचा तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरून, आणि तो सर्व्हर दिवसाआड बंद. आता सुटे भाग जोडतोय: शोधायला वायटी-डीएलपी (यूट्यूबवरून व्हिडिओ शोधून आणणारा प्रोग्रॅम), निवडायला एखादा मेनू, दाखवायला एमपीव्ही हा प्लेअर.

एमपीव्ही एपीटीने, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने, घेतला. त्याच्या शेपटाला धरून वायटी-डीएलपीही आलं, पण मार्च २०२३ चं. (आवृत्तीचा क्रमांक म्हणजेच तारीख, त्यामुळे वय लपत नाही.) यूट्यूब आतून सतत बदलत असतं, तिथे इतकं जुनं चालत नाही. नवं पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) टाकायला गेलो तर डेबियनने दारातच अडवलं: सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नाही. मग पिपएक्सने घेतलं, तो प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात ठेवतो. २०२५ च्या नोव्हेंबरपासून यूट्यूबसाठी जावास्क्रिप्ट चालवणारं काहीतरी सोबत लागतं, म्हणून ते काम करणाऱ्या डेनोची एक फाइल शेजारी ठेवली.

टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करून) सगळं झकास, शॉर्टकटवरून मात्र एरर. तासभर मेनूलाच शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता! शॉर्टकटला माझा पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी) माहीतच नव्हता, त्यामुळे एमपीव्ही गुपचूप ते २०२३ चं म्हातारं उचलत होता. एपीटीवालं काढलं, स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता लिहिला, भांडण मिटलं.

स्क्रिप्ट जेमतेम चार ओळींची. शोधशब्दांपुढे ‘वायटीसर्च१०’ जोडलं की दहा निकाल येतात. पहिल्यांदा त्याला अर्धा मिनिट लागला, कारण ते प्रत्येक व्हिडिओची अख्खी कुंडली मांडत बसतं. फ्लॅट-प्लेलिस्टचा पर्याय दिल्यावर नाव आणि लिंक तेवढी आणतं. तीन-चार सेकंदांत काम.

मेनूसाठी आधी एफझेडएफ घेतला होता, तो टर्मिनलमध्येच यादी दाखवतो. वेगवान आहे, वादच नाही. पण मी शोधला किशोरीताईंचा भूप, आणि एक्सटर्म या माझ्या टर्मिनलमध्ये ‘किशोरी’ची वेलांटी क सोडून त्याच्या पलीकडे जाऊन उभी. जोडाक्षरांचे तर हलंत देऊन तुकडे पडलेले. एक्सटर्म एकेक चिन्ह आपापल्या चौकटीत बसवतो, आपली लिपी तशी बसत नाही. फॉन्ट बदलून काही फरक पडला नाही. शेवटी रोफी लावला, त्याचा मेनू स्वतःच्या खिडकीत उघडतो. तो अक्षरं पँगोकडून (लिपीची मांडणी करणाऱ्या लायब्ररीकडून) रेखाटून घेतो, त्यामुळे नावं छापल्यासारखी स्वच्छ दिसतात. इनस्क्रिप्टचा कीबोर्ड लेआउट लावला की शोधही थेट मराठीत टाइप होतो. रोफी एफझेडएफपेक्षा किंचित जड असेल, असू दे. वाचताच येत नसेल तर हलकेपणाचं काय लोणचं घालायचं?

उरला संगणकाचा पंखा. व्हिडिओ वेगवेगळ्या पद्धतींनी दाबून भरलेला असतो. त्यांतली एच-२६४ हा जुना प्रोसेसर हार्डवेअरवर उलगडतो, व्हीपी-९ मात्र सगळं सीपीयूच्या डोक्यावर येतं, आणि काही सांगितलं नाही तर बहुधा नेमकं तेच किंवा एव्ही-१ वाट्याला येतं. एमपीव्हीच्या कॉन्फिगमध्ये ७२०पी दर्जापर्यंतचं एच-२६४ च माग असं लिहिलं, हार्डवेअर डिकोडिंग चालू केलं. माझ्याकडे सीपीयू नव्वदवरून वीस टक्क्यांच्या आसपास आला. आता तानपुरा ऐकू येतो, पंखा नाही.

पाहिलेल्याची यादी ठेवणं अजून बाकी आहे. तोवर तोच भूप रोज नव्याने शोधतोय.