चालेना झालंय

भरदुपारी व्हॉट्सॲपवर भाच्याचा फोटो आला. म्हणजे त्याचा नव्हे, त्याच्या लॅपटॉपच्या पडद्याचा. तिरका. वरच्या बाजूला पंख्याचं पातं उमटलेलं, कोपऱ्यात चिवड्याची वाटी, आणि ज्या ओळीत कंपायलरनं, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणाऱ्यानं, आपली तक्रार नोंदवलेली असणार नेमकी तीच ओळ खाली कापली गेलेली. सोबत तीन शब्द : 'मामा, चालेना झालंय.'

हे वाचलं की माझी जेवणानंतरची गुंगी खाडकन उतरते. या 'चालेना'वर माझा जुना राग आहे. चालेना म्हणजे सुरूच होईना, की सुरू होऊन मध्येच बसकण मारतंय, की शेवटपर्यंत जाऊन भलतंच उत्तर देतंय? तिन्हींचा इलाज वेगळा. आणि पडद्यावरची अक्षरं उचलून जशीच्या तशी पाठवता येत असताना फोटो कशाला काढायचा? म्हणजे ती अक्षरं मी चष्मा लावून वाचायची आणि मीच पुन्हा बडवायची. पण पोरगं रोज खानापूरहून बस पकडून बेळगावला कॉलेजला येतं, त्याला किती बोलायचं! 'कंपायलर काय म्हणतोय ते लिहून पाठव' एवढंच कळवलं.

त्यानं पाठवलं. 'इनव्हॅलिड डिजिट ८ इन ऑक्टल कॉन्स्टंट.' शहरं आणि त्यांचे एसटीडी कोड अशी यादी सी भाषेत करायची होती. पहिलंच नाव आपलं म्हणून त्यानं बेळगाव घेतलं, पुढं ०८३१ लिहिलं, आणि तिथंच गाडी अडली.

सी भाषेत आकड्याच्या आधी शून्य लावलं की तो आकडा अष्टमान पद्धतीतला धरतात. ही खोड तिला बी नावाच्या तिच्या आईकडून, म्हणजे आधीच्या भाषेकडून आली. केन थॉम्प्सन, डेनिस रिची ही या भाषा रचणारी, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधली मंडळी १९७० च्या आगेमागे पीडीपी-७ नावाच्या यंत्रावर काम करत, त्याचा शब्द, म्हणजे एका घासात घेतलेला आकडा, १८ बिटांचा, शून्य किंवा एक अशा १८ खुणांचा. तीन-तीन बिटांचे गट पाडले की अष्टमानात सगळं सुटसुटीत बसे. त्या पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक, ८ आणि ९ ला प्रवेश नाही. म्हणून ०८३१ ला आक्षेप. मग गंमत म्हणून मी त्याला इतर गावं घालून बघायला सांगितलं. हुबळी ०८३६, आक्षेप. बेंगळूर ०८०, आक्षेप. कर्नाटकातले कोड झाडून सगळे ०८ नं सुरू होतात, एकही आत जाईना. कोल्हापूर ०२३१ मात्र बिनबोभाट आत गेलं, आणि छापलं तेव्हा त्याचं १५३ झालेलं. पुण्याचं ०२० होतं १६, मुंबईचं ०२२ होतं १८.

म्हणजे सीमाप्रश्नात आता कंपायलरही पडला म्हणायचा! कर्नाटकात राहिलात तर उघड नकार, महाराष्ट्रात गेलात तर हसतमुखानं स्वीकार आणि आत गेल्यावर भलताच हिशेब. यावर निपाणीच्या एका ज्येष्ठांना काय वाटेल ते मला ठाऊक आहे, म्हणून त्यांना सांगितलेलं नाही. भाच्याला एवढंच म्हटलं, कोडची बेरीज-वजाबाकी कुणी करत नसतं, मग तो आकडा म्हणून कशाला ठेवतोस? अक्षरं म्हणून ठेव. त्याचं उत्तर आलं : 'झालं.'

ही आणखी एक गोष्ट. 'झालं.' कसं झालं, काय बदललं, काही नाही. विचारताना तीन शब्द आणि सुटल्यावर एक.

लहानपणी सुट्टीत वडगावला मावशीकडे जायचो. वडगाव-शहापूर म्हणजे बेळगावातला मागवाल्यांचा भाग. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी खटाखट सुरू. आत बोलायचं तर ओरडूनच, त्यामुळे त्या गल्लीतली माणसं बाहेर लग्नकार्यातही ओरडूनच बोलायची. मावशीच्या सोप्यात दोन यंत्रमाग होते. तेलाचा वास, खळीचा वास, आणि आम्हा पोरांना कांड्या भरायला बसवलेलं. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी ठरवणारं यंत्र. पुठ्ठ्याची लांबट कार्डं दोऱ्यानं एकमेकांना गाठलेली, त्यांची माळ वरून खाली लोंबायची आणि धोट्याच्या एकेका फेरीला एकेक कार्ड पुढं सरकायचं. कार्डाला जिथं भोक तिथली सुई आत जाते, तिच्या जोडीचा ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नाही तिथला धागा खालीच. काठावरची कुयरी म्हणजे सगळा या भोकांचा खेळ.

एकदा काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, मागावर कुयरीच्या पोटात एक ठिपका यायला लागला. नको तिथं जरीचा एक टाका. काकांनी धागे तपासले, तोडले, गाठले, मागाला आणि व्यापाऱ्याला शिव्या घालून झाल्या. मग पलीकडच्या आप्पांना हाक गेली. आप्पांचा स्वतःचा माग चालू होता, तो तसाच बायकोवर सोडून ते आले. त्यांच्यामागून आणखी दोघं आले, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माग बंद पडला की गल्लीला तो ऐकू येतो.

आप्पांनी मागाला हातच लावला नाही. विणलेलं कापड उलगडायला लावलं, ओणवं होऊन बोट फिरवत मागं मागं गेले आणि विचारलं, "कुठवर बरं होतं?"

"काल दुपारपर्यंत."

"हे एकदाच आलंय की दर कुयरीत?"

"दर कुयरीत."

"मग धाग्याला कशाला शिव्या देतोस बाबा? धागा चुकला तर एकदा चुकंल. असं मोजून मापून चुकतंय ते कार्डच. काल दुपारी काय केलास?"

"काही नाही."

"काही नाही कसं?"

"काही नाही ओ आप्पा. कार्डं तेवढी खाली पडली होती. उचलून लावली की."

जमलेले सगळे हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा. आप्पांनी एकाला वर चढवलं, कार्डांची माळ हातानं फिरवत मोजायला घेतली, "ओंदु, एरडु, मूरु..." आप्पा बोलायचे मराठीत आणि मोजायचे कन्नडमध्ये. मध्येच कुणी काही विचारलं की मराठीत खेकसायचे आणि पुन्हा "इप्पत्तेरडु" वरून पुढं. हवं ते कार्ड सापडलं. पडल्यामुळे दोन भोकांमधला पुठ्ठा फाटला होता आणि तिथं तिसरं भोक झालं होतं. मावशीनं कागदाचा चिटोरा खळीत बुडवून दिला, आप्पांनी तो अंगठ्यानं दाबून बसवला, वाळेपर्यंत चहा झाला. आभारबिभार कुणी मानले नाहीत. पुढच्या आठवड्यात आप्पांच्या मागाचा पट्टा तुटला तेव्हा काका इकडचा माग सोडून पळाले, तेवढंच.

जोसेफ जॅकार्डनं हे यंत्र १८०४ साली फ्रान्समध्ये केलं, आणि भोकांच्या कार्डांची ती कल्पना चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणितयंत्रासाठी उचलली, हे मी पुढं कधीतरी वाचलं. बॅबेजकडं म्हणे जॅकार्डचं रेशमात विणलेलं चित्र होतं, सुमारे २४,००० कार्डं लावून विणलेलं. एवढी कार्डं खाली पडली असती तर काय केलं असतं, हा विचार मला अजून छळतो.

'कुठवर बरं होतं?' हे मात्र मी आप्पांकडून उचललं आणि आजवर तेवढ्यावरच माझं निभावतंय. लोकांना वाटतं मला प्रोग्रॅमिंगमधलं बरंच कळतं. मी फक्त तो एक प्रश्न विचारतो आणि माणूस 'काही नाही केलं' म्हणाला की गप्प बसून वाट बघतो. मिनिटाभरात कार्डं पडल्याचं निघतंच.

निपाणीकडचा एक मित्र एका संस्थेच्या पावत्यांचा हिशेब बघतो. संगणक बदलल्यावर त्याच्या एक्सेलमधल्या नोव्हेंबरच्या तारखा बिघडल्या. १ नोव्हेंबर ही आमच्याकडे आधीच नाजूक तारीख, एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळा दिन. तिचं यंत्रानं ११ जानेवारी करून टाकलं. "सगळ्या चुकल्यात का?" विचारलं. म्हणाला, "नाही ओ, १२ तारखेपर्यंत चुकल्यात, १३ पासून बरोबर हायत." आणि वाक्य संपता संपता स्वतःच म्हणाला, "थांबा थांबा, कळलं." नवा संगणक अमेरिकी रिवाजानं महिना आधी वाचत होता. तेरावा महिना नसल्यामुळं १३/११ चं काय करावं हे त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं ती तारीख मजकूर समजून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटवून ठेवली. चुकलेल्या मात्र ऐटीत उजवीकडे उभ्या. पहिल्या बारांतली ११/११ तेवढी वाचली, ती कुठूनही वाचली तरी तीच.

या बाबतीत उद्यमबागेतल्या कारखान्यांतली सीएनसीवरची, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशीनवरची, पोरं आमच्यापेक्षा हुशार. त्यांचा प्रोग्रॅम चुकला तर समोर टूल मोडतं, म्हणून ती विचारतात कशी तर मोजून. "झेड मायनस दहा दिलं, टूल जागेवरच घुटमळलं, मशीन थांबवून ठेवलंय." पलीकडच्या मशीनवरून मान वर न करता उत्तर येतं, "पॉइंट दे की रे." झेड म्हणजे टूलची वर-खाली दिशा. मशीन चालवणाऱ्या काही कंट्रोलवर दहाच्या पुढं टिंब दिलं नाही की ते दहा मायक्रॉन धरतात, दहा मिलिमीटर नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी पदवीधरांना मी त्या पोरांपाशी नेऊन बसवणार आहे, ऐकायला.

आता हे सगळं आठवायचं खरं कारण. एका मिठाईवाल्याला बिल मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत हवं होतं. प्रोग्रॅम झाला, पडद्यावर झकास दिसला, आणि काउंटरवरच्या त्या छोट्या प्रिंटरवर मारलं तर 'कुंदा' या बेळगावी मिठाईच्या नावाजागी पाच प्रश्नचिन्हं. अक्षरं दोन आणि प्रश्नचिन्हं पाच, कारण यंत्राच्या लेखी क, उकार, अनुस्वार, द आणि काना हे पाच वेगवेगळे. त्या स्वस्तातल्या प्रिंटरच्या पोटात इंग्रजी आणि युरोपातली काही अक्षरं होती, आपली नव्हतीच. खालच्या कन्नड ओळीतही कुंद्याला पाचच प्रश्नचिन्हं.

गोकाकच्या एकाला फोन केला. घरात कन्नड बोलणारा, माझ्याशी अर्धं मराठी अर्धं कन्नड. त्याला कन्नड बिलासाठी हाच त्रास झाला होता. म्हणाला, "अक्षर धाडू नका, चित्र धाडा." म्हणजे ओळ आधी चित्र म्हणून रंगवायची आणि ते चित्र छापायचं. प्रिंटरला वाचता येत नसलं तरी ठिपके मारता येतात. त्यानं आपला कोड धाडला, मी फॉन्टचं नाव बदललं आणि कुंदा छापला गेला. मग त्यानंच सांगितलेली आणखी एक गंमत करून बघितली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या तक्त्यात, मराठी 'क'चा नंबर २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ळ' घ्या, फरक ८९६. काना, उकार, अनुस्वार, ८९६. दोन्ही लिप्यांचे तक्ते इस्की नावाच्या एकाच भारतीय प्रमाणावरून मांडलेले आहेत, म्हणून अक्षरं त्याच क्रमानं त्याच खणांत बसलेली. पाट्यांवरून या गावात काचा फुटलेल्या मी बघितल्यात. तो ८९६ बराच वेळ पडद्यावर तसाच ठेवून बसलो होतो.

त्याच्या कोडमध्ये ठिकठिकाणी कन्नडमधल्या टिपा आहेत, इथं रुंदी का वाढवली, तिथं एक ओळ रिकामी का सोडली. मला त्या अक्षर लावत लावत वाचाव्या लागतात. प्रोग्रॅमला त्यांचं काही नसतं, असल्या काय नसल्या काय. पुसल्या नाहीत. त्यांच्याखाली माझ्या मराठीत घातल्यात. पुढं ज्याच्या हाती जाईल त्याला दोन्ही कळल्या तर बरं, नाहीतर विचारेल कुणालातरी.