बटरची खारी घरी करताना

बेकरीतली खारी कितीही कुरकुरीत असली, तरी ती खाऊन झाल्यावर टाळूला एक तुपकट थर चिकटून राहतो आणि गरम चहाच्या दोन घोटांनीही तो पुरता जात नाही. याचे कारण खारीत वापरलेल्या स्निग्ध पदार्थात आहे. बहुतेक बेकऱ्यांमध्ये खारी आणि पफ यांच्यासाठी खास लाटण्याजोगे मार्गारीन वापरतात. ते तोंडातल्या उबेलाही पूर्ण वितळत नाही. म्हणूनच भट्टीशेजारच्या उकाड्यात ते पिठात मुरून जात नाही आणि कारागिराचे काम सोपे होते. (जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले आणि अशा कृत्रिम स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, पण टाळूवरचा थर त्याने गेलेला नाही.) लोणी मात्र ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास पुरते वितळते, म्हणजे जिभेवर ठेवले की विरघळते आणि मागे फक्त चव उरते. केवळ या एका फरकासाठी मी घरी बटरची खारी करायला घेतली.

आमच्या भागातल्या बेकरीतील कारागिराला आधी विचारून पाहिले, तेव्हा तो हसून म्हणाला, “ताई, बटरची खारी आम्हाला परवडत नाही आणि दुपारी लाटताही येत नाही. करायचीच असेल तर पहाटे करा.” त्याच्या बोलण्याचा अर्थ ओट्यापाशी उभे राहिल्यावरच नीट कळतो. लोण्याचा जो गुण खाणाऱ्याला हवा असतो, तोच करणाऱ्याला नडतो. पुण्यात थंडीचे दोन-अडीच महिने सोडले, तर स्वयंपाकघरात लोणी वीस मिनिटे बाहेर ठेवले तरी ते बोटाला लागू लागते, आणि खारीची सगळी कृती ही त्याला तसे होऊ न देण्याची खटपट आहे.

खारीला पदर कसे सुटतात, हे समजून घेतल्याशिवाय प्रमाणांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. नानकटाईत किंवा श्रूजबेरी बिस्किटात तूप अथवा लोणी मैद्यात इतके मिसळून जाते, की पिठाच्या कणाकणाभोवती त्याचे वेष्टण तयार होते, त्यामुळे ती बिस्किटे खुसखुशीत होतात, पण त्यांना पदर नसतात. पदर हवे असतील तर पीठ आणि लोणी शेवटपर्यंत वेगळे राहावे लागते. दिवाळीत चिरोटे करणाऱ्या घरांना हे नवे नाही; पोळ्यांच्या मध्ये आपण साटा लावतो तो याचसाठी. फरक इतकाच, की साटा तुपाचा असतो आणि तुपात पाणी नसते, त्यामुळे चिरोट्याचे पदर सुटे होतात, पण फारसे उंच चढत नाहीत. बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असते. ओव्हनच्या उष्णतेने त्या पाण्याची आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते, आणि ही वाफ दोन थरांमधल्या लोण्याच्या पापुद्र्यामुळे अडकून वरचा थर उचलते. बेकिंग पावडर किंवा सोडा घालण्याची त्यामुळे गरजच उरत नाही. सोडा घातलेली खारी मला तरी किंचित साबणासारखी लागते.

माझे प्रमाण आता असे ठरले आहे: २५० ग्रॅम मैदा, त्यात मोहन म्हणून ३० ग्रॅम बटर, सव्वा चमचा मीठ, एक चमचा लिंबाचा रस, सुमारे १२५ मिलिलिटर गार पाणी, आणि थरांसाठी १८० ग्रॅम बिनमिठाचे बटर. चमचा म्हणजे चहाचा. नेहमीच्या पिवळ्या टेबल बटरमध्ये नियमानुसार ३ टक्क्यांपर्यंत मीठ असू शकते, म्हणून तेच वापरायचे झाले तर पिठातले मीठ पाव चमच्यावर आणावे, नाहीतर खारी नावाप्रमाणे नको तितकी खारट होते. घरी विरजण लावून काढलेले लोणी या कामाला फारसे उपयोगी नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटते, कारण चवीला त्याच्याशी बरोबरी करणारे दुसरे काही नाही. त्यात पाणी आणि ताक जास्त राहते, कितीही धुतले-पिळले तरी ते कमी-अधिक राहते, आणि लाटताना हे पाणी बाहेर येऊन पीठ चिकट होते. ते लोणी मोहनासाठी मात्र खुशाल घालावे.

पीठ भिजवण्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. मैद्यात मीठ मिसळून मोहनाचे बटर बोटांनी चोळावे, लिंबू पिळलेले गार पाणी थोडे थोडे घालत पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट गोळा करावा आणि तो झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवावा. फार मळू नये. पुढे इतक्या वेळा लाटायचे असते, की मळण्याचे काम आपोआप होते. लिंबाच्या रसाने पीठ जरा लवचीक राहते आणि लाटताना मागे खेचले जात नाही.

खरे कौशल्य लोण्याच्या वडीत आहे. फ्रिजमधून काढलेले बटर दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून मी ते लाटण्याने ठोकते. ठोकायचे, सरकवायचे नाही. सुरुवातीला ते दगडासारखे असते आणि कडांना चिरा पडतात. मग त्या चिरा बुजत जातात आणि लोणी थंड असूनही वाकू लागते. १५ सेंटिमीटर चौरस आणि जेमतेम एक सेंटिमीटर जाड अशी वडी झाली, की ती कागदासकट उचलून एका कडेने हलकेच वाकवून पाहावी. मोडली तर अजून ठोकायला हवी, आणि बोटाचा चकचकीत ठसा उमटून राहिला तर ती फ्रिजमध्ये गेली पाहिजे. माझ्याकडे स्वयंपाकाचा छोटा तापमापक आहे, त्यावर १३ ते १६ अंश दिसले की मी कामाला लागते. पण तापमापक नसला तरी वाकवून पाहण्याची ही परीक्षा पुरेशी आहे. पीठही त्या वेळी साधारण तितकेच मऊ आणि तितकेच गार असले पाहिजे. पीठ मऊ आणि लोणी कडक असेल तर लाटताना आत लोण्याचे तुकडे पडतात, आणि लोणी पिठापेक्षा मऊ असेल तर ते कडांतून बाहेर पळते.

यानंतर पिठाची २२ सेंटिमीटरची चौकोनी पोळी लाटून त्यावर लोण्याची वडी तिरकी ठेवावी, म्हणजे वडीचे कोपरे पोळीच्या बाजूंच्या मध्याशी येतात, आणि पिठाचे चारही कोपरे आत आणून पाकिटासारखे मिटावेत. सांधे बोटाने दाबून बंद करावेत. पोळपाट या कामाला अपुरा पडतो. मी थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर लाटते, आणि लाटण्यापूर्वी बर्फाचे पाणी घातलेले ताट दहा मिनिटे ओट्यावर ठेवून मग ओटा कोरडा पुसून घेते. त्याने बराच फरक पडतो. लाटणे एकाच दिशेने, मध्यापासून कडेकडे, सारख्या दाबाने फिरवून १५ बाय ४५ सेंटिमीटरची पट्टी करावी, वरची पिठी ब्रशने झटकून टाकावी आणि तिची तीन पदरी घडी घालावी. पिठी झटकण्याचा कंटाळा करू नये, कारण कोरडी पिठी घडीत राहिली तर थर तिथे नीट धरत नाहीत आणि भाजल्यावर त्या जागी मैद्याची कोरडी चव लागते. घडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची, मग चौथाई फिरवून पुन्हा तेच करायचे.

अशा पाच घड्या मी घालते. पहिल्या घडीला लोण्याचे तीन थर होतात, दुसरीला नऊ, आणि पाचवीला २४३. शेवटी पट्टी अर्धा सेंटिमीटर जाड लाटली जाते, तेव्हा लोण्याचा एकेक थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ झालेला असतो. त्यापुढे आणखी घड्या घालून पदर वाढतील असे वाटते, पण थर इतके पातळ झाले की ते एकमेकांत मिसळतात आणि खारी पावासारखी होऊ लागते. कमी घड्यांची खारी जाड पापुद्र्यांची होते. तीही वाईट लागत नाही, फक्त तिचा कपड्यांवर फार भुगा पडतो.

फ्रिजमधला अर्धा तास दोन कारणांसाठी असतो, आणि घाईच्या वेळी माणूस त्यातले एकच लक्षात ठेवतो. लोणी पुन्हा गार होणे हे त्यातले उघड कारण. लाटताना मैद्यातले ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन) ताणले जाते, ते सैल व्हायलाही वेळ लागतो, हे दुसरे. फ्रीझरमध्ये दहा मिनिटांत लोणी गार होते खरे, पण पीठ तसेच ताठर राहते, लाटले की रबरासारखे मागे येते, आणि जोर लावला की आतला लोण्याचा थर फाटतो. आमच्या सासूबाईंनी तिसऱ्या घडीला माझी धडपड पाहून विचारले, “अगं, एवढ्या वेळात चिरोटे तळून झाले असते, नाही का?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी हे काम म्हणूनच सलग करत नाही: रात्री तीन घड्या, सकाळी लवकर उरलेल्या दोन. रात्रभर विसावलेले पीठ सकाळी इतके मुकाट लाटले जाते, की त्या कारागिराच्या “पहाटे करा” या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग तेव्हा उमगतो.

कापण्यासाठी पट्टी पुन्हा पंधरा-वीस मिनिटे गार करून धारदार, लांब पात्याची सुरी सरळ खाली दाबावी. शंकरपाळ्यांचे किंवा करंजीचे कातणे इथे अजिबात घेऊ नये. करंजीची कड चिकटून बंद व्हावी म्हणून कातणे योग्य असते, आणि नेमके तेच खारीला नको असते. कड दाबली गेली की थर एकमेकांना चिकटतात आणि खारी त्या बाजूने फुलत नाही. बोथट सुरीनेही हेच होते. पट्टीच्या चारही बाजूंची बारीक किनार कापून काढली की आतले थर उघडे पडतात, आणि कापलेल्या कडेला पुस्तकाच्या पानांसारख्या रेघा स्पष्ट दिसतात. ८ बाय ३ सेंटिमीटरचे तुकडे केले तर वरील प्रमाणात चाळीसच्या आसपास खाऱ्या होतात.

भाजताना ओव्हन पुरता तापलेला हवा. घरगुती ओटीजीचा दिवा विझला म्हणजे तो तापला असे मी धरत नाही. २०० अंशांवर ठेवून वीस मिनिटे थांबते. ओव्हन कमी तापलेला असेल तर वाफ धरण्याआधीच लोणी वितळून वाहू लागते आणि ट्रेमध्ये त्याचे तळे होते. खारी मग त्याच लोण्यात तळल्यासारखी होते आणि चपटी राहते. एका वेळी एकच ट्रे आत जातो, दुसरा तोवर फ्रिजमध्ये. पहिली पंधरा मिनिटे दार उघडायचे नाही. तेवढ्यात खाऱ्या चार-पाच पट उंच होतात आणि वरून बदामी दिसू लागतात. नवख्या माणसाला त्या झाल्याच असे वाटते, परंतु खारी आणि पफ यांच्यातला फरक इथून सुरू होतो. पफ आतून थोडा ओलसर चालतो. खारी मात्र थेट मधल्या पदरापर्यंत वाळली पाहिजे. त्यासाठी तापमान १५० अंशांवर आणून आणखी वीस ते पंचवीस मिनिटे तिला तसेच राहू द्यावे लागते. एक खारी मोडून मधला भाग पाहावा. तिथे पिवळट, दाट रेघ दिसली तर अजून अवकाश आहे. सगळे पापुद्रे एकाच रंगाचे आणि सुटे दिसले, की ओव्हन बंद करून दार किलकिले ठेवावे आणि खाऱ्या आतच निवू द्याव्यात.

अशी खारी हाताला फारच हलकी लागते आणि बेकरीच्या खारीपेक्षा नाजूक असते. चहात ती बुडवून ठेवता येत नाही, क्षणात कोसळते, त्यामुळे बुडवून खाणाऱ्यांची आमच्या घरी थोडी निराशा झाली. नुसती खाल्ली तर मात्र लोण्याचा भाजका वास आधी येतो, मिठाची चव मागून येते, आणि टाळू स्वच्छ राहते.

पावसाळ्यात खारी पाहता पाहता सादळते. गार झाल्याबरोबर ती घट्ट झाकणाच्या डब्यात गेली पाहिजे, आणि तरीही मऊ पडली तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवून गार केली की पुन्हा कुरकुरीत होते. लोणी असल्यामुळे आठ-दहा दिवसांनंतर तिला खवट वास येऊ शकतो, म्हणून मी भाजलेल्या खाऱ्यांचा साठा करत नाही. त्याऐवजी कच्चे कापलेले तुकडे फ्रीझरमध्ये ठेवते आणि लागतील तसे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये टाकते. त्यांना दोन-तीन मिनिटे जास्त लागतात, एवढेच.

कापून काढलेल्या किनारी कधीही गोळा करून मळू नयेत, कारण त्याने सगळे थर मोडतात. त्या एकीवर एक आडव्या रचून, वर ओवा किंवा जिरे भुरभुरून एकदा लाटणे फिरवावे आणि बोटभर तुकडे करून शेवटच्या ट्रेबरोबर भाजावेत. फुलतात वेड्यावाकड्या, पण ओव्याची ही कडा-खारी आमच्या घरी मुख्य खारीच्या आधी संपते.