दहाही जणी खेळल्या पाहिजेत

भाऊबीज, रात्र

तारखा पक्क्या झाल्या. बडोद्यात मुलींच्या खो-खो लीगला सोयीचा काळ एकच, दिवाळीची सुट्टी संपल्यापासून उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आधीच्या रविवारपर्यंत. गणपतीत मैदान ओलं असतं. नवरात्रीत रात्री उशिरापर्यंत गरबा खेळलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी पळवणं म्हणजे तिच्या घोट्यांवर अन्याय. १४ आणि १५ जानेवारीच्या आसपास मैदानभर मांजा पडलेला असतो. काच लावलेला दोरा मातीत दिसत नाही, पायाला गुंडाळतो, झाडाला अडकलेला असला तर पळणाऱ्या मुलीच्या गळ्याशी येतो. मांजा पूर्ण वेचून होईपर्यंत सराव बंद, हा नियम पत्रकातच छापायचा. पुढे फेब्रुवारी लागला की दहावी-बारावीच्या घरांत मैदानाचा विषयही निघत नाही.

संघ सहा, एकेरी साखळी, म्हणजे पंधरा सामने. रविवारी तीन धरले तर पाच रविवार, एक रविवार राखीव, एक अंतिम सामन्याचा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, म्हणून राखीव रविवार हवाच. फेऱ्या लावायची जुनी रीत सगळ्यात बिनचूक आहे. सहा नावं गोलात लिहायची, एक नाव जागेवर ठेवायचं, बाकीची पाच एकेक घर सरकवत जायची. चार वेळा सरकवलं की पाच फेऱ्यांत प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा भिडतो. संघ सात झाले तर सामने एकवीस होतात आणि दर फेरीत एक संघ मोकळा बसतो. त्या मोकळ्या संघाला पंचांच्या मदतीला बोलवायचं, नाहीतर त्या मुलींची रविवारी यायची सवय मोडते.

वेळ ठरवताना घड्याळ उलटं वाचावं लागतं. डिसेंबरात इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. दांडिया बाजार, रावपुरा, शियापुरा, नवापुरा, कुठूनही आलेली मुलगी उजेडात घरी पोचली पाहिजे. शेवटची शिट्टी पाचला झाली तर ते जमतं. पहिला सामना तीनला, दुसरा तीन चाळीसला, तिसरा चार वीसला. एका पाळीला, म्हणजे एका संघाच्या एका आक्रमणाला, ५ मिनिटं, चार पाळ्या, मधे २, ४ आणि २ मिनिटांची विश्रांती: एकूण २८ मिनिटं. नाणेफेक आणि संघ बसवणं धरून पस्तीस, आणि पाच मिनिटं हातची. मोठ्यांची पाळी ९ मिनिटांची आणि सब-ज्युनिअरची ७ मिनिटांची असते हे खरं, पण वस्तीतल्या नव्या मुलींना पाच मिनिटंच पुरेशी दमवतात. एकदा अंधार पडून मुलगी घरी उशिरा पोचली की पुढच्या आठवड्यात ती एकटीच गळत नाही, तिच्याबरोबर येणाऱ्या दोघी-तिघीही गळतात.

शनिवार, मैदान आखून झाल्यावर

पूर्ण मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचं मोकळं क्षेत्र, खांबापासून खांबापर्यंत २४ मीटर. मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला आखलेला पट्टा, ३० सेंटिमीटर रुंद, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या ३५ सेंटिमीटरच्या. दोन पाट्यांमधे २.३० मीटर, खांबापासून पहिल्या पाटीपर्यंत २.५५. एवढी जागा वस्तीत क्वचितच मिळते. जागा कमी असली की काहीजण सगळी मापं सारखीच आक्रसतात. त्याने खेळ बिघडतो, कारण २.३० मीटरचं अंतर कमी झालं की हुलकावणीला जागा उरत नाही आणि पळणारी दोन खोंत बाद होते. आम्ही पाट्यांची संख्या कमी करतो. आठाच्या जागी सहा, म्हणजे लांबी २१.७० मीटर, रुंदी १२. अंतरं तीच राहतात.

काटकोन डोळ्यांनी साधत नाही. चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकून दोन्ही कर्ण मोजायचे. पूर्ण मैदानाचा कर्ण ३१.३८ मीटर, आमच्या छोट्या मैदानाचा २४.८०. दोन्ही कर्ण सारखे आले की मगच फक्की, म्हणजे रेघा आखायची पांढरी भुकटी, हातात घ्यायची. सहा पाट्यांच्या मैदानातही रेघांची एकूण लांबी २७० मीटरच्या वर जाते, त्यामुळे फक्की नेहमी कमी पडते. मग कुणीतरी घाईने कळीचा चुना आणतं. तो पायांच्या घामात आणि डोळ्यांत जाऊन भाजतो, तेव्हा तो कुणाच्याही हातात द्यायचा नाही. चुनखडीची किंवा खडूची भुकटीच चालते.

खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर, व्यास ९ ते १०. जमिनीत निदान ६० सेंटिमीटर गाडायचा, म्हणजे सहा फुटांहून थोडं जास्त लाकूड लागतं. खड्डा एकदम न भरता थर देत, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकत भरायचा. मुली खांबाला हात घालून पूर्ण वजनाने गिरकी घेतात. हलणारा खांब मनगट मुरगळवतो. वरची कड कानशीने गोल करून खांबावर तळहात फिरवून पाहायचा, कुसळ लागलं तर पुन्हा घासायचा. इथल्या काळ्या मातीला थंडीत भेगा पडतात, आणि घोटा मुरगळायचं पहिलं कारण तेच. भेगांत वाळू मिसळलेली माती भरून आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं. सकाळी पाणी मारलं तर तीनपर्यंत वरचा थर निसरडाच राहतो.

सोमवार, पहिल्या फेरीनंतर

दहाजणींचा संघ आहे. आक्रमणाला सातजणी, सहा बसलेल्या आणि एक पळती, म्हणजे पाठलाग करणारी. संरक्षणाला तीन-तीनच्या तीन तुकड्या, म्हणजे नऊजणी. दोन डावांत मिळून प्रत्येकीला निदान एक आक्रमण आणि एक संरक्षण मिळालंच पाहिजे, हा लीगचा नियम. आक्रमणाच्या दोन पाळ्यांत चौदा जागा आहेत, संरक्षणाच्या अठरा, तेव्हा हिशेब सहज बसतो. गुणलेखिकेच्या कागदावर दहा नावांसमोर दोन-दोन चौकोन असतात. रिकामा चौकोन राहिला तर त्या संघाचे दोन गुण कापायचे. ताकीद देऊन भागत नाही, हरायच्या भीतीने प्रत्येक संघ आपल्या सगळ्यात हळू मुलीला बाहेर ठेवतोच.

पण कागद भरला म्हणजे मुलगी खेळली असं होत नाही. खो-खोत बसलेल्या मुलीला खो मिळाला तरच ती उठते. चलाख पळती कच्च्या मुलीच्या पाठीशी येते आणि तिला ओलांडून पुढच्या पाटीवर खो देते. पाच मिनिटं ती मुलगी उकिडवी बसून राहते, धूळ खाते, आणि पुढच्या रविवारी येत नाही. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मोजावं लागतं. प्रत्येक सामन्याला एका काकूंना एवढंच काम द्यायचं की सहा पाट्यांचं चित्र समोर ठेवून कुठे खो मिळाला तिथे रेघ ओढायची. एका पाळीत ज्या पाटीवर तीनपेक्षा कमी रेघा आल्या, तिथल्या मुलीला पुढच्या आक्रमणात वेगळी जागा. खांबाजवळच्या पाट्यांवर वळण आणि झडप असते, तिथे वेगवान मुली लागतात. नवीन मुलीला तिसरी किंवा चौथी पाटी द्यावी, कारण मधे खेळ दोन्ही बाजूंनी येतो. सरावात साखळी धरायची, म्हणजे उलट दिशेला तोंड असलेल्या लगतच्या पाटीवरच्या मुलीला क्रमाने खो द्यायचा, टोकाला खांब ओलांडून परत. त्यात कुणालाही वगळता येत नाही आणि पाठीमागून हात व आवाज एकाच वेळी द्यायची सवय लागते.

वादाची कारणं फार नाहीत. आवाज आला पण हात लागला नाही. हात लागण्याआधीच बसलेली उठली. पळतीने घेतलेली दिशा सोडून खांदा मागे वळवला. खांब न ओलांडता मधल्या पाटीवर पाय पडला. या चारांवर शिट्टी सारखी वाजली तर पालक ओरडत नाहीत. फाऊल झाला की पळतीने उलट्या दिशेला जाऊन खो द्यायचा, आणि तोवर बाद केलेला गडी धरायचा नाही. पंच म्हणून मोठ्या ताया उभ्या करताना त्यांना आधी फक्त खांदा बघायला शिकवायचं. चेंडू नसलेल्या खेळात नजर पळणाऱ्या संरक्षिकेमागे जाते आणि पळतीचा खांदा निसटतो.

याच शहरात १९२४ साली जिमखान्याने खो-खोची नियमावली छापली होती. व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याचं गाव हे. गुजरातच्या सुधीर परब यांना १९७० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी अचला देवरे यांना. मुलींना हे सांगितलं की त्यांच्या बसण्यात फरक पडतो, हे मनापासून वाटतं.

बुधवार

सूर मारण्याबद्दल पुन्हा विचारणा. जानेवारी २०२५ मधे दिल्लीत भारताच्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० हरवून विश्वचषक जिंकला, ते सूर सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेत. तो खेळ मॅटवर झाला. आपल्या मातीवर बारा वर्षांखालच्या मुलींना सूर मारायला बंदी. मोठ्यांना आधी भुसभुशीत, ओलसर मातीत गुडघ्यावरून घसरत शिकवायचं आणि मगच पूर्ण अंगाने. खरचटलं की वाहत्या पाण्यात साबणाने माती निघेपर्यंत धुवायचं, वर हळद किंवा राख टाकायची नाही. घोटा मुरगळला तर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, त्या दिवशी खेळ बंद. डोकं आपटलं तर मुलगी कितीही ठीक म्हणाली तरी तिला पुन्हा उतरवायचं नाही.

पैंजण, बांगड्या, धातूच्या पिना काढून ठेवायला नाव लिहिलेल्या कापडी पिशव्या. ट्रॅक पँट की हाफ पँट हे मुलगी आणि घर ठरवेल, संघाची सक्ती फक्त टी-शर्टच्या रंगाची. मैदानाजवळच्या शौचालयाची कडी आतून लागते का, पाणी येतं का, हे दर शनिवारी एका बाईनेच जाऊन बघायचं. तिथेच पॅडचा डबा, न विचारता घेता येईल असा. तेरा-चौदाच्या मुली खेळ सोडतात त्यामागे बहुतेक वेळा हीच कडी आणि हाच डबा असतो, असं आमचं ठाम मत आहे. खाणं साधं: सामन्याआधी तासभर केळं, नंतर गूळ-शेंगदाणे. सेव-उसळ खाऊन आलेल्या मुलीला पळताना पोटात कळ येते, म्हणून ती सामन्यानंतर.

शुक्रवार

बरोबरीचा नियम पत्रकात घातला. गुण सारखे झाले तर लघुत्तम आक्रमण: दोन्ही संघांना एकेक पाळी, पहिला गडी बाद होईपर्यंतच. कमी वेळात टिपेल तो संघ जिंकला. त्यासाठी प्रत्येक बाद गड्यासमोर मिनिट आणि सेकंद लिहायची सवय पहिल्या सामन्यापासून लागते. स्टॉपवॉच दोन ठेवायची, एक पाळीसाठी, एक संरक्षणाच्या वेळेसाठी. मोबाइलवर वेळ घेतली की मधेच फोन येतो. उद्या दोन्हींचे सेल बदलायचे आणि शिट्ट्या उकळत्या पाण्यातून काढायच्या.