मधला समुद्र

पहिली संध्याकाळ, साउथॅम्प्टन (इंग्लंड)

भोंगा वाजला तेव्हा कठड्यावर ठेवलेल्या हातांना त्याची थरथर जाणवली. आमच्या 'क्वीन मेरी २' या जहाजावरचा एक भोंगा मूळचा जुन्या 'क्वीन मेरी'चा, म्हणजे १९३६ साली अटलांटिकवर उतरलेल्या जहाजाचा. तो आवाज ऐकून कितीतरी लोकांनी हा किनारा सोडला असेल. धक्का इतका हळू मागे सरकत होता की आपण निघालो हे कळायलाच वेळ लागला.

दादा तीस वर्षं पलीकडच्या किनाऱ्यावर, अमेरिकेत राहिला. फोन ठेवताना म्हणायचा, "मधे काय, एक समुद्रच तर आहे." तीन वर्षांपूर्वी तो गेल्याचा फोन आला आणि मी त्याच रात्री विमानात बसले. खिडक्यांच्या झापा ओढलेल्या, दिवे मंद, समोरच्या पडद्यावर निळ्या रंगावरून सरकणारं एवढंसं विमान. आठ तासांनी उतरले, गाडीने घरी पोचले, दारातच वहिनीने मिठी मारली आणि मला काही सुचेना. रडूसुद्धा आलं नाही. शरीर तिथे होतं, मी अजून वाटेत कुठेतरी होते. त्याचं मला फार लागून राहिलं.

दहा-बारा वेळा तरी मी या समुद्रावरून गेले असेन. त्याला पाहिलं मात्र एकदाही नाही. यंदा वहिनीकडे दोन महिने राहायला जायचं ठरलं, तेव्हा बोटीनेच जायचं हे मनात पक्कं केलं. सात रात्री. वहिनी म्हणाली, "मग मला रोज कळव, कुठवर आलीस ते."

दुसरा दिवस

सकाळी सातव्या मजल्यावरच्या लाकडी डेकवरून चालले. जहाजाला पूर्ण वळसा घालता येतो. तीन फेऱ्या झाल्या की पावणेदोन किलोमीटर होतात. पुढच्या उघड्या भागात जहाजाला पाण्यातून ढकलणाऱ्या पंख्याची आठ सुटी पाती बोल्टने बसवून ठेवली आहेत. एखादं शिल्प मांडावं तशी ती दिसतात, पण आहेत खरीखुरी, गरज पडली तर वापरायची. मी हात लावून पाहिला. गार होती, आणि वाऱ्याने आणलेल्या मिठाचा थर बोटांना लागला.

सुट्टीसाठी बंदरोबंदर हिंडणारी जहाजं वेगळी आणि हे वेगळं. हे बांधलंय एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर ठरलेल्या दिवशी पोचण्यासाठी, मग मधे वादळ असो की काही. म्हणून याचं तोंड लांब आणि धारदार, पत्रा जाड, तळ पाण्यात दहा मीटर खोल आणि बचावनौका लाटांच्या तडाख्यापासून वर टांगलेल्या. स्टीफन पेन यांनी याचा आराखडा केला, फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत ते बांधलं गेलं आणि २००४ साली पाण्यावर निघालं. ठरलेल्या तारखांना अटलांटिक ओलांडणारं या जातीचं आता हे एकच उरलंय. १८४० मध्ये सॅम्युअल क्यूनार्ड यांच्या 'ब्रिटानिया'ने लिव्हरपूलहून टपाल आणि माणसं न्यायला सुरुवात केली, तिथून चालत आलेली ही वाट. ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानं या मार्गावर आली आणि थोड्याच वर्षांत बोटी रिकाम्या पडल्या. एवढी जुनी रीत इतक्या पटकन मोडली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

दुपारी बाराला कॅप्टन अक्षांश, रेखांश आणि वारा सांगतात. मी आकडे वहीत उतरवून वहिनीला पाठवले. तिचं उत्तर आलं: दादाचा जुना नकाशा काढून टेबलावर पसरलाय, त्यावर पेन्सिलीने ठिपका काढला.

तिसरा दिवस

बोट लागली. पहाटेपासून पोटात ढवळत होतं. जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पाण्याखाली पसरणारे पंख आहेत, ते डावी-उजवीकडचं डोलणं आवरतात. पण पुढचं टोक लाटेवर चढून खाली उतरतं, त्याला कुणाचा इलाज नाही. केबिनमधल्या हँगरचं टोक दर झोक्याला कपाटाच्या दारावर टक करायचं. शेवटी उठून त्याला रुमाल गुंडाळला. केबिन आवरणाऱ्या बाईंनी हिरवं सफरचंद आणून दिलं आणि वर न जाता जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा म्हणाल्या. खरंच तिथे बरं वाटलं.

बाराचे आकडे कसेबसे लिहिले आणि पाठवले. बाकी दिवस कोरा.

चौथा दिवस

काल रात्री पुन्हा घड्याळ एक तास मागे केलं. दोन किनाऱ्यांत पाच तासांचं अंतर आहे; सातांपैकी पाच रात्री एकेक तास परत मिळतो. विमानात हेच पाच तास एकदम अंगावर येतात आणि पुढचा आठवडा माणूस मध्यरात्री टक्क जागा राहतो. इथे एकेक तास अंगात मुरतो. जहाजाचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि तो मला माणसाच्या बेताचा वाटतो. १९५२ साली 'युनायटेड स्टेट्स' या जहाजाने हा समुद्र ३ दिवस, १० तास आणि ४० मिनिटांत पार केला होता. मला तेवढ्यात पोचायचंच नव्हतं.

इंधनाच्या हिशेबात मात्र हे जहाज विमानापेक्षा हलकं नाही. एक अख्खं हॉटेल पाण्यावरून ओढत न्यायचं म्हणजे तेल लागणारच. ते माहीत असूनही मी निघाले, म्हणून इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी वरच्या डेकवर एक म्हातारा कुत्रा भेटला. जहाजावर कुत्र्या-मांजरांसाठी वेगळी जागा आहे, आणि कुत्र्यांना पाय वर करायला एक दिव्याचा खांब आणि एक आगीच्या बंबाचा नळसुद्धा उभा केलाय. मालकीण म्हणाली, याला सामानासारखं विमानाच्या पोटात टाकायला जीव होईना. तो वाऱ्याकडे नाक करून डोळे मिटून उभा होता. मीही त्याच्या शेजारी तशीच उभी राहिले.

पाचवा दिवस

धुकं. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी आणि लॅब्राडोरकडून येणारा गार प्रवाह एकमेकांना भिडतात, त्यामुळे इथे धुकं नेहमीचंच. कठड्यापलीकडे काही दिसत नाही. दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यायचा असा समुद्राचा नियम आहे. रात्री अंथरुणात पडून पुढच्या भोंग्याची वाट पाहत राहिले. 'टायटॅनिक' याच भागात बुडालं. ते सुमारे ३,८०० मीटर खोल पडून आहे.

त्या अंधारात दादाची फार आठवण आली. तीस वर्षांत त्याने किती सणावारांना "जमत नाही यायला" म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी रुसले होते. चार दिवस नुसतं पाणी पाहिल्यावर आज पहिल्यांदा वाटलं, मधलं हे एवढं सगळं त्याला ठाऊक होतं. मी एकटीच ते छोटं धरून बसले होते. उशी ओली झाली. तीन वर्षांनी का होईना, रडले.

आठवा दिवस, न्यूयॉर्क

पहाटे अंधारातच सगळे वरच्या डेकवर जमले होते. समोर व्हेराझानो पूल. धुराडं त्याला थडकणार असंच खालून वाटतं. या पुलाखालून जाता यावं म्हणूनच ते बेताच्या उंचीचं ठेवलंय. पूल डोक्यावरून सरकला तेव्हा वरून जाणाऱ्या गाड्यांची घरघर ऐकू आली आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ब्रुकलिनच्या धक्क्यावर वहिनी आली होती. घरी पोचल्यावर तिने आधी नकाशाच दाखवला. सहा ठिपके. दुसरा भलतीकडे, आइसलंडच्या दिशेने वर गेलेला. बोट लागली त्या दिवशी मी अक्षांश ४९ च्या जागी ५९ कळवले होते.

"मी म्हटलं, ही कुठे निघाली?" वहिनी म्हणाली आणि खोडरबर शोधायला आत गेली. मी वही उघडून कॅप्टनचे आकडे काढून ठेवले.