रत्नागिरी एका दिवसात: किल्ला सकाळी, नाहीतर रिक्षाने

"रत्नागिरी शहर काय, दिवसभरात पायी होतं." हे इतक्या जणांनी सांगितलं की मी आणि माझ्या नणंदेने बुधवारची रजा टाकली आणि आदल्या रात्री कोकणकन्या एक्सप्रेसमध्ये बसलो. शहर पायी होतं, खरं आहे. किल्ला होत नाही. निदान आम्हाला आखून दिलेल्या क्रमाने तर नाहीच.

तो क्रम असा: आधी थिबा राजवाडा, मग टिळकांचं घर, जेवण, मांडवी आणि तिथून "हाकेच्या अंतरावर" रत्नदुर्ग. असं सांगणारा गेल्या दहा वर्षांत स्कूटरशिवाय तिकडे गेलेला नसणार. मांडवीच्या जेट्टीवरून किल्ल्याचं डोंगराचं टोक समोर दिसतं, म्हणून ते जवळ वाटतं. वस्ती मागे पडली की डांबरी चढ लागतो आणि सावली संपते. दसरा नुकताच झालेला, वारा पडलेला, दुपारचा दीड. एका बाजूला तापलेला काळा कातळ, त्यातून अंगावर वाफ आल्यासारखी झळ. वाटेत दिसलेली टपरी बंद. नणंद रोज सकाळी तासभर चालणारी, पण वळणावरच्या गडग्यावर टेकली ती उठायलाच तयार होईना. आमच्याकडचं पाणी तिथेच संपलं. शेवटी माशांचे रिकामे क्रेट घेऊन चाललेल्या एका टेम्पोवाल्या दादांनी वर सोडलं, पैसेही घेतले नाहीत.

वर पोचल्यावर चिडचिड गेली, हेही सांगायला हवं. तीन बाजूंना समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, पलीकडच्या टोकाला दीपगृह. शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून १६७० मध्ये घेतला. तटावर उभं राहिलं की तो का हवा होता ते कळतं: एका अंगाला मिरकरवाडा बंदर, दुसऱ्या अंगाला भाट्याची खाडी, दोन्हीकडची ये-जा एका जागेवरून दिसते. पण भर दुपारी तटावर दहा मिनिटांच्या वर थांबवत नाही. म्हणून कोकणकन्येने येणाऱ्यांनी उलटं करा. गाडी पहाटेच रत्नागिरीत सोडते, राजवाडा उघडायला बराच वेळ असतो. चहा घेऊन थेट किल्ला गाठा, उन्हं चढायच्या आत खाली या आणि उतरताना मिरकरवाड्यात मासळीचा लिलाव बघा. दुपारीच जायची वेळ आली तर रिक्षा करा आणि ती वर थांबवून ठेवा. परतायला वरून रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका.

रिक्षाचं निघालंच आहे तर. स्टेशन शहरात नाही, कुवारबावला आहे, शहरापासून सहा-सात किलोमीटर. पहाटे स्टेशनाबाहेर आम्हाला साडेचारशे सांगितले, सामान म्हणजे पाठीवर एकेक सॅक. घासाघीस करून तीनशेवर आलो. संध्याकाळी तेवढ्याच अंतराला दुसऱ्याने दीडशे घेतले. उजाडलेलं असेल आणि ओझं नसेल तर मुख्य रस्त्यापर्यंत चालत या, शहरात जाणारी एसटी तिथे मिळते.

टिळक आळी आणि आसपासचा भाग मात्र पायीच बघा, तोही कामाच्या दिवशी. शाळा भरलेल्या, लोक कचेरीत, त्यामुळे लोकमान्यांच्या जन्मघरात आम्ही दोघीच होतो. कौलारू घर, आत पाऊल टाकताच गारवा. जांभ्याच्या भिंतीला जवळून बघितलं तर चिऱ्यात मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. टिळक जन्मले १८५६ मध्ये आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत रत्नागिरीतच वाढले, मग वडिलांची पुण्याला बदली झाली. घाई नसली तर इथे अर्धा तास सहज जातो.

पतितपावन मंदिर चुकवू नका. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळातलं हे देऊळ, १९३१ चं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. ज्या काळात दलितांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्या काळात इथे सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश होता. मला तिथे फार बरं वाटलं. नणंद तर बराच वेळ सभामंडपात बसून राहिली.

जेवण ठीक. सुरमई ताजी होती, सोलकढी पातळ.

थिबा राजवाड्याला दीड तास ठेवा, आम्हाला सगळे "अर्ध्या तासात उरकतं" म्हणाले होते. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये तो वारला, म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासात या घरात जेमतेम सहा वर्षं राहायला मिळालं. लाकडी काम बघताना हा हिशेब डोक्यातून जात नाही. शिवाजीनगर भागात त्याची समाधी आहे. रिक्षावाल्याला आधी विचारून घ्या, आमच्या पहिल्या रिक्षावाल्याला ती ठाऊक नव्हती. आणि सोमवारची रजा टाकू नका, राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.