तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बार्शी लाईट’मधलं ‘लाईट’ म्हणजे काय?

मी कुर्डुवाडीची. बाहेरगावी कुणाला हे सांगितलं की पन्नाशी ओलांडलेला माणूस हमखास म्हणतो, “म्हणजे बार्शी लाईटचं गाव!” बार्शी लाईट म्हणजे कुर्डुवाडीहून बार्शीकडं धावणारी जुनी, छोट्या रुळांची रेल्वे. आणि मागोमाग विचारतो, “पण काय हो, तिला लाईट का म्हणायचे? डब्यात दिवे होते म्हणून का?” तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा मुलंही हेच विचारायची. काही जण स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात: लाईट म्हणजे हलकी, म्हणजे कमी खर्चातली, दुय्यम, खेळण्यातल्यासारखी. दिव्यांचा प्रश्न मला गोड वाटतो. हे दुसरं उत्तर मात्र लागतं. म्हणून आज सविस्तर सांगते.

आमच्या प्राथमिक शाळेला घंटा नव्हती. कडुनिंबाच्या फांदीला जाड तारेनं रुळाचा तुकडा बांधला होता आणि शिपाईमामा लोखंडी पहारीनं त्यावर ठोके द्यायचे. पुढं शाळेत विजेची घंटा आली आणि तो तुकडा अडगळीत पडला. मी तो मागून आणला. गंज खरवडला, लांबी मोजली, एक फूट भरली. मग वाण्याच्या काट्यावर ठेवला: साडेचार किलो. म्हणजे फुटाला दहा पौंड, यार्डाला तीस. आजच्या मेन लाईनच्या रुळाचा एवढाच तुकडा १८ किलोंच्या पुढं जातो. बार्शी लाईटच्या पहिल्या रुळांचं वजन हेच होतं, यार्डाला ३० पौंड. इतक्या सडपातळ रुळावरून कापसाच्या गाठी भरलेल्या मालगाड्या धावत होत्या, आणि त्या कशा धावत होत्या यातच ‘लाईट’चा अर्थ आहे.

मुंबईहून सोलापूरकडं जाणारी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५९ साली आमच्या गावापर्यंत आली. स्टेशनाचं नाव ठेवलं बार्शी रोड. नावातच सगळं आलं: बार्शी इथं नाही, बार्शीला जायचा रस्ता इथून आहे. ‘बार्शी तिथं सरशी’ असं म्हणतात, ती बार्शी कापसाच्या व्यापाराची मोठी पेठ. पण पेठ आणि रेल्वे यांच्यात पस्तीसेक किलोमीटरची काळी जमीन. बैलगाड्यांच्या रांगा कापूस घेऊन स्टेशनाकडं यायच्या. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुतलं म्हणजे काय होतं, ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही.

जीआयपीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा तरुण इंजिनिअर १८८२ साली नोकरीला आला. बार्शीपर्यंत एक छोटी लाईन टाकायची हे त्याच्या मनानं घेतलं. तो नोकरीतून बाहेर पडला, वर्षानुवर्षं मागं लागला आणि शेवटी १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी केली. दोन रुळांमधलं अंतर ठरलं अडीच फूट. १८९७ साली गाडी सुरू झाली. ते वर्ष दुष्काळाचं होतं. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात अन्नधान्याची वणवण चालली होती, त्यात सोलापूर जिल्हा होता.

अडीच फुटी लाईन म्हणजे चिल्लर काम, असंच तेव्हा बहुतेक इंजिनिअर धरून चालत. इंजिन अवजड आणि डबे चिमुकले असा हिशेब असायचा. कॅलथ्रॉपचं म्हणणं होतं की चूक इथंच आहे. रुळावर गाडीचं एकूण वजन एकदम पडत नाही, ते पडतं एकेका आसाखाली, म्हणजे समोरासमोरची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली. समजा इंजिनाच्या आसावर दहा टन आहेत आणि डब्याच्या आसावर तीन. तर रूळ, पूल, भराव सगळं दहा टनांसाठी बांधावं लागतं, आणि डबे मात्र त्या ताकदीचा तिसरा हिस्साही वापरत नाहीत. खर्च इंजिनासाठी, आणि पैसा मिळवून देतो तो माल डब्यात! मग त्यानं नियम घातला: इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, आणि भरलेल्या मालडब्याचा आस त्या पाच टनांपर्यंत पुरेपूर वापरला गेला पाहिजे.

त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याकडून इंजिनं करून घेतली, आठ चाकं एकमेकांना जोडलेली आणि मागं आणखी चार. म्हणजे सहा आस, वजन सहांवर वाटलेलं. मालडबे लीड्स फोर्ज कंपनीचे. त्यांची चौकट जाडजूड तुळया रिबिटांनी जोडून केलेली नव्हती. पोलादी पत्रे दाबून त्यांना आकार दिला होता. चौकट हलकी झाली की तेवढं वजन मालाला मोकळं मिळतं. चार आसांचा डबा, प्रत्येकी पाच टन, म्हणजे भरलेला डबा वीस टनांपर्यंत गेला तरी ३० पौंडी रूळ कुरकुरत नाही. हे सगळं जहाजावर चढवण्याआधी त्यानं लीड्सजवळ रूळ टाकून लोकांना बोलावलं आणि चालवून दाखवलं.

हे मी पुस्तकांतून फार उशिरा वाचलं. मला ते आधीच कळलं होतं आबांकडून, आणि आबांना अक्षरओळखही नव्हती.

आबा, माझे आजोबा, कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर हमाल होते, पुढं मुकादम झाले. छोट्या गाडीतून आलेला माल उतरवायचा आणि मोठ्या गाडीच्या वॅगनमध्ये भरायचा, किंवा उलट. दोन गाड्यांचे रूळ वेगळे, त्यामुळं लातूर-बार्शीकडून मुंबईला निघालेलं प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ कुर्डुवाडीत माणसाच्या पाठीवरून गेली. त्यांचा पोती-गाठी ओढायचा लोखंडी आकडा अजून आमच्या घरी खुंटीला आहे. लाकडी मूठ तळव्याच्या आकाराची झालीय. अंगठा जिथं टेकायचा तिथं खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बुडतो.

कापसाची दाबलेली गाठ तेव्हा ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलोंची. ती चौघं उचलायचे. आबा सांगायचे, गाठ उचलताना मुकादमाचं पहिलं काम म्हणजे माणसं निवडणं. चौघं एका उंचीचे पाहिजेत. एक जण बुटका निघाला की गाठ त्याच्या बाजूला कलते, आणि मग पंचेचाळीस किलोंच्या जागी सत्तर किलो त्याच्या एकट्याच्या कमरेवर येतात. मी सातवी-आठवीत असताना त्यांना विचारलं होतं, “आबा, आपल्या गाडीला लाईट का म्हणत्यात?” ते म्हणाले, “पोरी, वझं हलकं नसतंय. चौघांनी सारखं घेतलं की हलकं हुतंय. गाडीचं बी तसंच हाय.”

कॅलथ्रॉपच्या सगळ्या सिद्धान्ताचं याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही. वर्गात हा पाठ घेताना मी चार मुलांना पुढं बोलवायची आणि बाक उचलायला लावायची. एकाला गुडघे वाकवायला सांगितलं की भार सारखा राहिला नाही, हे चेहऱ्यांवर लगेच दिसायचं.

पहिली लाईन चालली म्हणून पुढच्या आल्या. १९०६ साली पंढरपूर जोडलं, १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. सगळी मिळून २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. एकच मालगाडी दोन राज्यांतून जायची. येडशी, ढोकी, मुरूड या स्टेशनांची नावं ओळीनं म्हणत आमच्या वाड्यातल्या मुली लंगडी खेळायच्या. लातूरची अडत पेठ वाढली ती या गाडीच्या जिवावर, असं मला ठामपणे वाटतं. जिथं शंभर गाड्या बैल जुंपून न्याव्या लागायच्या, तिथं सरकी, शेंगा, तूर, कापूस थेट स्टेशनाशी येऊन पडायला लागला आणि भाव मुंबईच्या तारेवर ठरायला लागला.

पंढरपूरची गोष्ट वेगळी. माल वाहायला काढलेल्या या लाईनीवर आषाढी-कार्तिकीला माणसांचा पूर यायचा. आबा म्हणायचे, वारीच्या दिवसांत टपावर सुद्धा जागा नसायची, आणि त्या आठवड्यात मालधक्क्यावर काम जवळपास थांबायचं, कारण डबे मिळायचे नाहीत. हमालांचा रोज बुडायचा, पण त्यावरून कुणी तक्रार केल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं. उलट टाळांचा आवाज आला की हातातलं सोडून सगळे फलाटावर.

कॅलथ्रॉपबद्दल थोडं अजून सांगायला हवं, कारण आमच्याकडं त्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. बार्शीवरचं काम पाहून त्याला इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातल्या अडीच फुटी रेल्वेचं काम मिळालं. ती १९०४ साली सुरू झाली. तिथं त्यानं असे खास डबे केले की मोठ्या रुळावरची अख्खी वॅगनच छोट्या गाडीवर चढवता यायची. माल उतरवून पुन्हा भरायची गरज नाही. हे वाचलं तेव्हा मी खुंटीवरच्या आकड्याकडं बराच वेळ बघत बसले. पुढं चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० साली विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपनं विमानातून उडी मारणाऱ्यासाठी पॅराशूट घडवायला घेतलं. त्याचं नाव त्यानं ठेवलं ‘गार्डियन एंजल’. भार, पडणं, पेलणं, हेच त्याच्या डोक्यात आयुष्यभर चाललं असणार. तो १९२७ साली वारला. त्याच वर्षी गाडी मिरजेला पोचली.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं ही कंपनी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. लोक मात्र शेवटपर्यंत बार्शी लाईटच म्हणत राहिले. कोळशाची इंजिनं गेली, डिझेलची आली. मग ट्रक आले आणि माल ट्रकवर गेला, कारण ट्रक अडत्याच्या दारात उभा राहतो आणि कुर्डुवाडीत दुसऱ्यांदा हमाली द्यावी लागत नाही. आबांना याचं दुःख होतं, पण ते ट्रकला नावं ठेवत नसत. दुहेरी हमाली ही व्यापाऱ्याच्या खिशाला लागलेली गळती आहे, हे त्यांना त्यांच्या मजुरीपेक्षाही आधी कळलं होतं.

२००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळी लाईन ब्रॉडगेज झाली. जुनी गाडी उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, बाजूला ठेवून जायची. नव्या मार्गानं ते शहरही जोडलं गेलं. काही जण मला विचारतात, छोटी गाडी गेली याचं वाईट वाटतं का? तिचा तो झुलत जाणारा डबा, रामलिंगच्या घाटातला वेग इतका कमी की मुलं उतरून सीताफळं तोडून परत चढायची, हे सगळं आठवतं. पण कुर्डुवाडीत गाठ उतरवून पुन्हा न चढवता माल लातूरहून थेट मुंबईला जातो, हे आबांना दाखवता आलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवायचं ठरलं. टाकी-वॅगन वाफेनं धुऊन घेतल्या, पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पुढं पन्नास टाक्यांच्या गाड्या सुरू झाल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. मार्ग म्हणजे आमची बार्शी लाईटच, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यातली एक गाडी मी पाहिली. उन्हात फलाटाच्या कडेला उभी होते. एका टाकीत पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे नुसतं पाणीच पन्नास टन. जुन्या रुळावर भरलेला अख्खा डबा वीस टनांचा असायचा. गाडी हळू होती. पायाखालचा फलाट बारीक थरथरत होता. माझ्याशेजारी एक शाळकरी मुलगा आईचा हात धरून उभा होता, तो मोठ्यानं टाक्या मोजत होता. मी त्याला म्हटलं, “टाक्या नको मोजूस, आस मोज. एका टाकीखाली चार.” त्यानं खाली वाकून बघितलं, दोन टाक्या जाऊ दिल्या आणि मग तिसरीपासून चार-चार करत मोजायला लागला.